सात नंबरची पिशवी

"ऊन यायच्या आधी खुडू, सावलीत ठेवू,
चार दिवस पानाला गं झोप लागू देऊ!"

तो आवाज भिंगरीने पाच वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली आली होती. गुडघ्यातून रक्ताचा ओघळ लागला होता, आणि तोंडातून त्याहून मोठा भोंगा! झाडपाल्याची औषधं देणाऱ्या पाल्याच्या आजीने कसलासा हिरवागार लेप गुडघ्यावर थापला, फुंकर घातली, आणि पोरीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून गाणं म्हटलं होतं.

"उन्हामध्ये टाकलं तर रुसेल माझं पान,
रुसलेल्या पानामध्ये उरत नाही प्राण!"

"पान कसं गं रुसेल, आजी?" भिंगरीने हुंदके देत विचारलं होतं.

"तू रुसतेस तसंच! तोंड फिरवून बसतं. मग कितीही वाटा, कितीही मनवा, ते काही केल्या बोलत नाही."

आणि आज, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका सोमवारी सकाळी, तोच आवाज भिंगरीच्या कानात डासासारखा गुणगुणत होता. झटकला की जायचा आणि लगेच परत यायचा.

"याही वेळी नाही मिटला!" मावशी म्हणाली, आणि तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. त्या डोळ्याखाली काळं वर्तुळ आलं होतं.

भिंगरीची मावशी औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेत काम करायची. पाल्याच्या आजीचा तो हिरवा लेप ज्या झुडपाचा होता, त्याला लोक मिटवणी म्हणत, कारण ते जखम मिटवतं. पण लोक म्हणतात म्हणून विज्ञान मान डोलावत नाही. म्हणून मावशी काचेच्या छोट्या बशीत जिवंत पेशींचा पातळ थर वाढवायची, त्यावर बारीक टोकाने एक सरळ ओरखडा काढायची आणि वर मिटवणीच्या अर्काचा थेंब सोडायची. शेजारी दुसरी बशी असायची, तसाच ओरखडा असलेली, पण बिनअर्काची. मग दुसऱ्या दिवशी बघायचं, कुठला ओरखडा आधी मिटतो.

हिवाळ्यातल्या पाल्याने कमाल केली होती! एका रात्रीत ओरखडा गायब! मावशी तेव्हा प्रयोगशाळेत चक्क नाचली होती. पण उन्हाळ्यातला नवा पाला आला आणि सगळं मुसळ केरात गेलं. दोन्ही बशा सारख्याच. ओरखडे जिथल्या तिथे, टक्क उघडे.

"पुढच्या सोमवारी पाहणी समिती येणार," मावशी कपाळ चोळत म्हणाली. "आजीलाही बोलावलंय मी. पहिल्या रांगेत बसवणार होते. आता तिच्या तोंडावर सांगतील, बाई, हा तुमचा नुसता समज आहे. आणि काम बंद."

भिंगरीच्या पोटात गोळा आला. तो काही आजचा नव्हता. तीन आठवड्यांपासून तिथेच मुक्कामाला होता.

तीन आठवड्यांपूर्वी मावशी चार दिवस परगावी बैठकीला गेली होती. सहा पिशव्या भरतील एवढा पाला वाळवून झाला होता, शेवटच्या पिशवीचा राहिला होता. "तुझ्यावर सोपवते हं," मावशी म्हणाली होती. "जाळीच्या चौकटीवर, व्हरांड्याच्या सावलीत, चार दिवस. दर दोन तासांनी पानं उलटायची. आणि वहीत नोंद करायची." पण दुसऱ्याच दिवसापासून सगळ्यांचं तलावावर पोहायला जायचं ठरलं. तेही तीन दिवस, रोज! दर दोन तासांनी पानं उलटत बसलं तर पोहणार कधी? भिंगरीने पहिल्याच दिवशी चौकट उचलली आणि शेडच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवली. दुपारी तीनपर्यंत पानं अशी कुरकुरीत की बोट लावलं की चुरा! तिने ती पिशवीत भरली, वर सात आकडा घातला, आणि वहीतल्या 'वाळवणी' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: सावली, चार दिवस. खाली सही.

"मावशी," भिंगरीने आता विचारलं, आणि तिचा आवाज सुईच्या नेढ्यातून ओवून काढल्यासारखा निघाला, "हा पाला... कुठल्या पिशवीतला गं?"

"आधी एक, मग दोन. आज तीन."

"सात नाही?"

"सात कशाला? ती अजून माझ्या खणात आहे. भांडार बंद होतं ना तेव्हा, तशीच राहिली."

हुश्श! गोळा एकदम अर्धा झाला. सात नाही! म्हणजे ओरखडे मिटले नाहीत यात तिचा काडीचाही दोष नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी घोळ घातला होता. आणि तो 'कुणीतरी' सापडला, की उरलेला अर्धा गोळाही आपोआप विरघळणार, असं भिंगरीने स्वतःला पटवून टाकलं.

ती जिना तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आली. एका जागी पाय ठरत नाही म्हणूनच तिला भिंगरी म्हणत. तिचा धाकटा भाऊ, जो कायम तिच्या मागे असायचा आणि म्हणून ज्याला शेपूट म्हणत, पायरीवर बसून बिस्किट खात होता. शेजारी संस्थेच्या ग्रंथपालबाईंचा मुलगा होता. त्याला घड्याळ म्हणत, का ते त्याने तोंड उघडलं की कळायचं.

"नऊ वाजून बारा मिनिटं. बारा मिनिटं उशीर!" तो म्हणाला.

"गप रे! ऐका. पाला बिघडलाय. कुणीतरी बिघडवलाय. आपण शोधायचं!"

"मला कधीपासून माहितीये तो बिघडलाय," शेपूट म्हणाला.

"तुला कसं?"

"वासावरून. हिवाळ्यातल्या पाल्याला लिंबाच्या सालीसारखा वास यायचा. परवा मावशीने दोन नंबरची पिशवी उघडली, तर इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास आला."

घड्याळ आणि भिंगरी एकमेकांकडे बघतच राहिले.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही! शेपटाला कोण विचारतं?"

"इस्त्रीचा वास," घड्याळ बोटं मोडत म्हणाला. "म्हणजे ऊब लागलीय. वाळवताना लागली असेल, नाहीतर नंतर."

"वाळवताना नाही!" भिंगरी इतक्या घाईने बोलली की तिचे तिलाच कान तापल्यासारखे वाटले. "मावशीने स्वतः वाळवलाय तो. नंतरच. पाला वाळल्यावर पिशव्या कुठे जातात?"

"भांडारात. थंड कपाटात."

"मग चला भांडारात!"

भांडार म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. दाराऐवजी एक खिडकी, खिडकीत एक फळी, आणि फळीमागे भांडारकाका. काकांचा नियम एकच होता, फळीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मोठ्या सरांनाही ते फळीबाहेर उभं करत. काका स्वभावाने मऊ होते, पण त्या फळीच्या बाबतीत दगड.

"काय रे टोळी? सुट्टीत आमच्याकडे काय काम?"

"काही नाही, काका, सहज!" भिंगरी फळीवर कोपरं टेकवून म्हणाली. तेवढ्यात घड्याळने तिला हळूच ढोसलं आणि डोळ्याने खूण केली. आत थंड कपाटाच्या दारावर एक तक्ता टांगला होता. कपाटात किती थंडी आहे ते रोज दुपारी पाहून काका त्यावर लिहीत. आठ अंश, आठ अंश, आठ अंश. ओळच्या ओळ, एकाच पेन्सिलीने, मुंग्यांच्या रांगेसारखी.

तिघं कोपऱ्यावर वळताच घड्याळ फुटलाच!

"चौदा तारखेला वीज गेली होती! सकाळी नऊ पाचला गेली, संध्याकाळी सहाला आली. तरी आठ अंश?"

"कपाट चांगलं असेल," शेपूट म्हणाला.

"बरं. आज तारीख किती?"

"बावीस."

"मग तक्ता पंचवीसपर्यंत कसा भरलाय? उद्याची थंडी काकांना आजच कळते होय?"

"अरे बापरे!" भिंगरीने टाळी वाजवली. म्हणजे न बघताच लिहितात! डोळे मिटून खोटं... तिची टाळी अर्ध्यातच थांबली. कानात पुन्हा ते गुणगुणणं सुरू झालं. तिने जोरात मान झटकली. "ते कपाट उघडलेलं बघायलाच पाहिजे. पण कसं? काका उघडणार नाहीत."

"सांगूया, कपाटात साप आहे."

"थंड कपाटात साप? शेपटा, तू बिस्किट खा."

भिंगरी दोन गिरक्या घेऊन थांबली. तिला नेहमी गिरकीतच सुचायचं. "काका मऊ आहेत. मऊ माणसाला घाबरवायचं नसतं. त्याला कुणाची तरी दया यायला हवी. शेपटा, तुला भोवळ येते का रे?"

"मला? कधीच नाही!"

"आज येणार!"

पाचच मिनिटांत घड्याळ आणि भिंगरी शेपटाला दोन्ही काखांत धरून भांडाराच्या खिडकीशी आले.

"काका! काका! ह्याला ऊन लागलंय! बघा ना कसं करतोय!"

शेपूट डोळे फिरवत होता. "मी कुठे आहे?" तो खोल आवाजात म्हणाला. "हे कोण लोक? मला एवढ्या सगळ्या भिंती का दिसतायत?"

"जास्त करू नकोस," भिंगरी दातांतून पुटपुटली.

पण काका केव्हाच उठले होते! "अरे अरे, लेकरू! थांब हं, थांब. काहीतरी थंड देतो." त्यांनी धावत जाऊन थंड कपाटाचं दार उघडलं, एक बाटली काढली आणि तिचं झाकण उडवत परत आले. "घे, बाळा. एकेक घोट."

दार मागे उघडंच राहिलं होतं. आत पिशव्या नव्हत्याच! आत सरबताच्या बाटल्या होत्या. लाल, पिवळ्या, लाल, पिवळ्या, शाळेच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या.

"काका," भिंगरीने हळूच विचारलं, "पाल्याच्या पिशव्या कुठायत?"

काकांचा हात बाटलीसकट हवेतच राहिला. तेवढ्यात वरच्या फळीवरून संस्थेचा लठ्ठ बोका पहिलवान आळस देत उठला. तो नेमका कुठे झोपला होता? काचेची भांडी सुकवायच्या भट्टीच्या बरोब्बर वर! त्याने खाली उडी मारली, आणि त्याच्यासोबत खाकी कागदाची एक पिशवी धप्पकन पडली. पहिलवानाच्या पंजांनी तिच्या चिंध्या केल्या होत्या, पण पाचचा आकडा अजून स्पष्ट दिसत होता.

शेपूट आजारपण विसरून ओरडला, "इस्त्रीचा वास!"

घड्याळने धावत जाऊन मावशीला आणलं. मावशी आयुष्यात पहिल्यांदा फळीच्या आत गेली आणि काकांनी तिला अडवलं नाही. तिने पिशवीवर हात ठेवला. ती गरम होती.

"बाई," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला होता. "लेखनिकांच्या निरोप समारंभाच्या बाटल्या होत्या. दोन दिवसांपुरत्या पिशव्या बाहेर काढल्या. मग समारंभ पुढे ढकलला. पुन्हा ढकलला. आणि मग... रोजचं झालं. त्या तिथेच राहिल्या. वाळलेला पाला आहे, त्याला काय होतंय, असं वाटलं मला. माझीच चूक. दुसऱ्या कुणाची नाही."

ते तक्ता काढून त्यावर खोडरबर फिरवायला लागले, तेव्हा मावशीने त्यांचा हात धरला.

"खोडू नका, काका. आपल्या कामात खोडायचं नसतं. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची."

काका एकेका आठावर रेघ मारत गेले. भिंगरी बघत होती. प्रत्येक रेघ आपल्याच अंगावरून जातेय असं तिला वाटलं.

"एक ते सहा सगळ्या गेल्या," मावशी भिंतीला टेकून म्हणाली. आणि मग ताडकन सरळ झाली. "सात! अरे, सात नंबर! ती माझ्या खणात आहे! ती भट्टीवर गेलीच नाही! भिंगरे, तू वाळवलेली! एकटी तीच वाचली!" तिने भिंगरीला उचललं, गर्रकन फिरवलं. "आता नवा पाला तोडायला नको. नाहीतर काही खरं नव्हतं बघ. चार दिवस वाळवणी, एक दिवस अर्क, एक दिवस ओरखडा. उद्या सकाळी तोडला तरच सोमवार गाठता आला असता, तोही जेमतेम! सुटलो गं बाई, सुटलो!"

शेपूट आणि घड्याळ "हुर्रे!" ओरडले. काकांनी डोळे पुसत सगळ्यांना बाटल्या वाटल्या. भिंगरीने आपली बाटली शेपटाला देऊन टाकली. विरघळणारा गोळा आता पोटात मावेना.

त्या संध्याकाळी तिने तीनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा मावशी भाजी चिरत होती. "मावशी..." "काय गं?" "काही नाही. मी कांदा चिरू?" एकदा मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "मावशी..." "बोल की!" "चादरीचं दुसरं टोक धरू?" तिसऱ्यांदा मावशीच म्हणाली, "आज फारच कामाची झालीस गं, माझी गुणाची बाय!" आणि भिंगरी चादर घेऊन कपाटाकडे पळाली.

मंगळवारी सकाळी सात वाजता सगळे प्रयोगशाळेत जमले. मोठे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, फिरायला निघाले होते ते मुद्दाम आत आले होते.

"शाब्बास रे पोरांनो!" ते टोपी काढून म्हणाले. "आम्ही मोठी माणसं तीन आठवडे डोकं खाजवत बसलो, आणि तुम्ही एका सकाळीत चोर पकडलात!"

"चोर बोका होता, सर," शेपूट नम्रपणे म्हणाला.

"आणि खोटी नोंद कुणी हेरली?"

"मी," घड्याळ म्हणाला. "पण पुढारी भिंगरीबाई!"

"पोरी, लक्षात ठेव," सर भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "बाकी काहीही चुकलं तरी चालतं. नोंद खरी हवी. खोटी नोंद शोधून काढणारे डोळे आम्हाला हवेच असतात!"

तो हात भिंगरीला पाट्यावरच्या वरवंट्याएवढा जड वाटला. समोर मावशीने सात नंबरची पिशवी ठेवली होती आणि कात्री उचलली होती. पिशवीमागे खिडकी होती. खिडकीतून अंगण दिसत होतं, अंगणात मिटवणीचं झुडूप, नव्या पानांनी भरलेलं, आणि अजून पुरतं सावलीत.

"मावशी, थांब!"

कात्री थांबली.

भिंगरी मांडणीवरची वाळवणीची वही घेऊन आली. तिने सातव्या ओळीवर बोट ठेवलं. 'सावली, चार दिवस' या शब्दांवर तिने एक रेघ मारली. एकच. खालचं वाचता येत होतं. बाजूला लिहिलं: ऊन, एक दिवस. आणि सही केली.

"मी पत्र्यावर वाळवला," ती म्हणाली. "पत्र्यावर, उन्हात."

भांडारकाका दारात उभे होते. त्यांनी हळूच मान खाली घातली.

मावशी ओरडेल असं भिंगरीला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं! पण मावशीने फक्त विचारलं, "किती तास?"

"सहा. नऊ ते तीन."

"पानं उलटली होतीस?"

"नाही."

"लिही. तेही लिही." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "का गं, भिंगरे? मी सांगितलं होतं तुला. आजीचं गाणंही तुला येतं."

भिंगरीच्या ओठांवर काहीतरी आलं, आणि ऐन वेळी त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. "विसरले."

"विसरली," सर सुस्कारा टाकून म्हणाले. "लहान आहे. होतं असं." मावशीने भिंगरीकडे क्षणभर पाहिलं आणि 'शेरा' या रकान्यात लिहिलं: विसरल्यामुळे.

"सात वाजून एकवीस मिनिटं!" घड्याळ अचानक किंचाळला. "झुडपावर ऊन पावणेआठला येतं! चोवीस मिनिटं आहेत!"

मग काय विचारता! मावशी टोपली घेऊन पळाली, सर टोपी उलटी धरून तिच्या मागे, काका दोन चौकटी डोक्यावर घेऊन, आणि पुढे भिंगरी. सगळ्यांनी झुडूप घेरलं. देठाला न दुखवता पान कसं खुडायचं, ते भिंगरीनेच सरांना दाखवलं. ऊन शेवटच्या फांदीला टेकलं तेव्हा टोपली काठोकाठ भरली होती.

"एक मिनिट," खुडता खुडता शेपटाच्या डोक्यात प्रकाश पडला. "तलावावर जाताना आम्ही विचारलं, पानं कोण उलटतंय. तू म्हणालीस, मावशीने माणूस लावलाय!"

"हो," भिंगरी म्हणाली.

"मग तो माणूस कुठला?"

"नव्हताच."

ते तिला पुढचे चार दिवस पुरलं! सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दर दोन तासांनी घड्याळ घंटेसारखा ओरडायचा, "पानं!" आणि भिंगरी उठली, की शेपूट मागून म्हणायचा, "तू कशाला उठतेस? माणूस लावलाय ना?" ती व्हरांड्यात बसायची, एकेक पान उलटायची. चौथ्या दिवशी शेपूट आपणहून चौकटीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला, नाक पानांना टेकवून म्हणाला, "लिंबाची साल!"

शनिवारी अर्क निघाला. रविवारी ओरखडे काढले. सोमवारी सकाळी पाहणी समितीच्या तीन जणी आणि एक जण आले, आणि पहिल्या रांगेत, पाय खुर्चीवरून लोंबकळत ठेवून, पाल्याची आजी बसली. ती आता खूप बारीक झाली होती. आवाज मात्र तोच.

मावशीने तीन बशा ठेवल्या होत्या. पहिली बिनअर्काची. तिचा ओरखडा उघडा. दुसरी सात नंबरची, उन्हातली. तिचाही उघडा. तिसरी नवी, सावलीतली. समितीच्या प्रमुखबाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिल्या. मग त्यांनी आजीला हात देऊन उठवलं आणि तिचा डोळा नळीला लावून दिला.

"रेघ कुठाय?" आजीने विचारलं.

"मिटली, आजी," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

टाळ्या वाजल्या! भांडारकाका सगळ्यांत जोरात वाजवत होते. प्रमुखबाई म्हणाल्या, "नुसतं पानच नाही, गाण्यातली अटसुद्धा खरी ठरली! ऊन आणि सावली शेजारी शेजारी ठेवून बघायचं आम्हाला कधी सुचलंच नसतं. काम थांबणार नाही, वाढणार! आणि कागदावर पहिलं नाव ह्या आजींचं. ही उन्हातली पिशवी कुणाची?"

"ह्या मुलीची," मोठे सर कौतुकाने म्हणाले. "वाळवायचं विसरली होती सावलीत. पण पकडली न जाताच स्वतः येऊन सांगितलं! अशी पोर हजारात एक!"

"बरं झालं बाई विसरलीस!" प्रमुखबाई हसून म्हणाल्या. सगळेच हसले. मावशीही हसली. शेपूट आणि घड्याळ तर ताठ मानेने इकडे तिकडे बघत होते, जणू विसरण्यात त्यांचाही वाटा होता.

आजीने भिंगरीला जवळ ओढलं. तिचे हात कोरडे होते आणि त्यांना लिंबाच्या सालीचा वास येत होता. "किती मोठी झालीस गं! माझं गाणं विसरलीस ना? विसरायचंच. एवढीशी होतीस तेव्हा. गुडघा बरा आहे का?"

भिंगरीने गुडघ्याकडे पाहिलं. तिथे खूणसुद्धा उरली नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते आणि सगळ्यांचे चेहरे गोड होते. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

"आजी," ती म्हणाली. हसणं अजून थांबलं नव्हतं, म्हणून ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "आजी! मी विसरले नव्हते. मावशी, तो शेराही खोटा आहे. पत्र्यावर पानं पसरताना गाणं माझ्या कानात चालू होतं. सगळंच्या सगळं, तुझ्याच आवाजात. मला ऐकू येत होतं, आजी. मला पोहायला जायचं होतं, म्हणून मी ऐकलं नाही."